डॉक्टरबाईंच्या गाडीचा दुसरा गिअर

गिअरबॉक्सचं झाकण काढून मी आत बॅटरीचा झोत टाकला, आणि पुन्हा मला काहीच सापडलं नाही.

दिसत सगळं होतं. गिअरचे दाते शाबूत होते. एकाचाही कोपरा उडालेला नव्हता. तेल काढलं होतं ते पसरट घमेल्यात उन्हात धरून पाहिलं. पितळेची चकाकी नाही, लोखंडाची भुकटी नाही. गिअर सरकवणारा फोर्क सरळ होता. त्याला जागेवर धरणाऱ्या गोळ्या आणि स्प्रिंगा मी एक एक काढून बोटांत दाबून पाहिल्या. नव्या आणल्या असत्या तरी याहून चांगल्या मिळाल्या नसत्या.

"सापडलं का वो?" सुगंधानं विचारलं. ती गाडीच्या पलीकडून वाकून बघत होती. तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते.

"न्हाई."

"मागल्या खेपेला पण न्हाईच म्हणला हुता."

"मागल्या खेपेलाही नव्हतंच काही."

"मग वाजतंय काय?"

याचं उत्तर माझ्याकडे असतं तर मी जमिनीवर असा फतकल मारून बसलो नसतो.

ही चौऱ्याऐंशी सालच्या जानेवारीतली गोष्ट. पाटणला, कराड-चिपळूण रस्त्याच्या कडेला माझं गॅरेज होतं. मदतीचा माणूस दिवाळीत मुंबईला गेला तो परत आला नाही, म्हणून तीस किलोचं गिअरबॉक्सचं धूड उतरवायला सुगंधा यायची. माझी बायको. लग्न होऊन पाच वर्षं झाली होती, आणि पान्ह्यांचे नंबर तिला माझ्याइतकेच पाठ होते.

गाडी होती डॉक्टर कुमुदिनी शाळिग्राम यांची. साठ सालची फियाट, फिक्या निळ्या रंगाची. गिअरचा दांडा खाली नाही, तर स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला. आता अशा गाड्या लोक हौसेनं जपतात, प्रदर्शनाला नेतात. बाई ती धनगरवाड्यांवर न्यायच्या. त्याच्या वीस वर्षं आधी त्या पुण्याहून पाटणला आल्या, लग्न केलं नाही, आणि तालुक्यातली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मली. आमची थोरलीसुद्धा. तेव्हा पाटण तालुक्यात गाडी चालवणारी दुसरी बाई नव्हती. आणि चालवायच्या म्हणजे कशा, तर त्या घाटातून खाली यायला लागल्या की एसटीचे ड्रायव्हर कौतुकानं हात वर करायचे.

त्यांची तक्रार एकच होती. "अंकुश, दुसरा गिअर करकरतो रे. कधीकधी पडतच नाही."

पहिल्यांदा त्या आल्या तेव्हा मी गाडी घेऊन पुलापर्यंत जाऊन आलो. लोण्यातून सुरी जावी तसा दुसरा गिअर पडत होता. मी क्लच जरा आवळून दिला. महिन्याभरानं बाई पुन्हा आल्या. मग मी दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या सळ्यांच्या सांध्यांतले झिजलेले बुश बदलले. आणखी महिन्याभरानं पुन्हा आल्या. तेव्हा मी सगळा गिअरबॉक्स उतरवला, खोलला, धुतला, पाहिला आणि तसाच्या तसा बसवला. क्लच प्लेट तेवढी वेळेआधीच जळाल्यासारखी दिसली म्हणून बदलली. क्लचवर सारखा पाय ठेवून चालवणाऱ्यांची प्लेट अशी जळते. पण बाईंना ती खोड नव्हती, म्हणून मी त्याचा फार विचार केला नाही. कोयनानगरपर्यंत गाडी पळवून आणली. एकदाही कुरकुर नाही. आणि आठवडा सरायच्या आत बाई पुन्हा दारात.

माझ्या हातात वाजायचं नाही, त्यांच्या हातात वाजायचं. मला काही उलगडा होईना. जेवताना माझं लक्ष नसायचं. हात धुताना मी बोटांनी हवेत गिअर टाकायचो. सुगंधा हसायची, मग हसायची थांबली.

"एकदा बाईंच्या शेजारी बसून बघा की," ती त्या दिवशी म्हणाली. "त्या कशा चालवत्यात ते."

"आणि काय सांगू? बाई, तुम्हाला गाडी चालवता येत नाही?"

"तसं कुठं म्हणाली मी? मागच्या आठवड्यात धाकटीला घेऊन गेली हुती दवाखान्यात. बाई पायऱ्या उतरताना कठडा धरून उतरत हुत्या. आदी धरत न्हवत्या."

"वय झालं."

"चोपन्नाव्या वर्साला?"

मी ऐकलं आणि सोडून दिलं. माझ्या डोक्यात गिअर होता, पायऱ्या नव्हत्या.

तेवढ्यात बाईच आल्या. दवाखाना आटोपून चालत आल्या होत्या. दारातल्या लाकडी खोक्यावर बसल्या आणि जमिनीवर पसरलेल्या त्या भागांकडे पाहू लागल्या. गाडीवाले अशा वेळी घाईत असतात किंवा संशयानं बघतात. बाई बघत होत्या ते वेगळंच. कागदावर परीक्षेचा निकाल लागलेला असावा आणि आपला नंबर शोधावा, तसं.

"काय निघालं?"

मी तोंड उघडलं. खरं म्हणजे मी 'काही नाही' म्हणणार होतो. पण ते मी मागच्या खेपेलाही म्हटलं होतं. तेव्हा बाईंचा चेहरा कसा उतरला होता ते मला आठवलं. वाटलं, सारखं सारखं काही नाही, काही नाही म्हटलं तर ही बाई म्हणेल, याला कामच येत नाही. तालुक्यात दुसरं गॅरेज निघालं होतं. आणि मला स्वतःलाही ऐकायचं होतं की काहीतरी निघालं. तीन महिने मी त्या आवाजाच्या मागे लागलो होतो आणि तो मला एकदाही ऐकू आला नव्हता.

"रिंग झिजली होती, बाई," मी म्हणालो. "दुसऱ्या गिअरची. पितळेची असते ती. दोन चाकांचा वेग जुळवते. ती झिजली की करकर होते."

सुगंधानं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

"नक्की?" बाईंनी विचारलं.

"नक्की म्हणजे काय, बाई. शंभर टक्के. नवी टाकतो. आता बघायला नको."

बाई एकदम हसल्या. नुसत्या हसल्या नाहीत, त्यांनी डोळ्यांवर हात दाबला आणि दोन क्षण तशाच बसून राहिल्या. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "अंकुश, फार बरं झालं. सुगंधा, चहा टाक ग. आज मी पिणार."

त्या कधी कुणाकडे चहा घेत नसत. त्या दिवशी दोन कप प्यायल्या. एका गाडीच्या रिंगेचं कुणाला एवढं काय व्हावं, मला समजेना. पण त्यांचा आनंद बघून मलाही बरं वाटलं. नवी रिंग आणली, बसवली. खोटं नको म्हणून बसवली, असं मी स्वतःला सांगितलं. म्हणजे मी बाईंचा फायदाच केला होता, नाही का?

त्या गेल्यावर सुगंधा हात पुसत म्हणाली, "जुनी रिंग मी बघितली. त्यात कायबी झालं न्हवतं."

"तुला काय कळतंय?"

हे मी तिला पहिल्यांदा म्हणालो. तिनं कपबशा उचलल्या आणि आत गेली.

त्यानंतर बाई गॅरेजला आल्या नाहीत. पंधरा दिवस झाले, दीड महिना झाला. मी म्हटलं, असेल, रिंगच असेल. डोळ्यांना न दिसणारी झीज असते, तशी असेल. माणसाला पटवून घ्यायचं असलं की कारणं कमी पडत नाहीत.

मग एका बाजारच्या दिवशी मी स्टँडसमोर चहा पीत होतो. पुलाकडून निळी फियाट आली. वळणावर वेग कमी झाला, आणि गिअर टाकताना असा आवाज झाला की भाजीवाल्या बायकांनी माना वळवल्या. लोखंड लोखंडावर घासल्याचा. तीन महिने मी ज्या आवाजाची वाट बघत होतो, तो आता सगळ्या बाजारानं ऐकला. बाईंनी मला पाहिलं. मी त्यांना पाहिलं. त्यांनी मान फिरवून घेतली आणि गाडी पुढे नेली.

हेच मला कळलं नाही. गाडी वाजतेय, तर त्या थांबायला हव्या होत्या. अंकुश, तू काय केलंस म्हणून चार शब्द सुनवायला हवे होते. लाज मला वाटायला हवी होती, तर मान त्यांनी का फिरवली?

चार दिवस मी कसेबसे काढले. पाचव्या दिवशी सकाळी दवाखान्यात गेलो. बाई गाडीचं दार उघडत होत्या. मागच्या सीटवर त्यांची बॅग होती, आणि शेजारी एक माणूस घाबराघुबरा उभा होता. वरच्या केळेवाडीचा होता, ज्ञानू नावाचा. त्याची बायको अडली होती. कळा सुरू होऊन रात्र उलटून गेली होती.

"बाई, मी बरोबर येतो," मी म्हणालो. "तुम्ही चालवा. मी शेजारी बसतो. मला तो आवाज ऐकायचाय."

"आज नको, अंकुश."

"आजच. वाटेत बंद पडली तर?"

हे त्यांना पटलं असावं. ज्ञानू मागे बसला, मी पुढे. गाडी चढाला लागली. केळेवाडीचा रस्ता म्हणजे डोंगराला काढलेला ओरखडा. चढताना बाई पहिल्या-दुसऱ्यातच होत्या. दोनदा करकर झाली. मी दांड्याकडे बघत होतो, कान गिअरबॉक्सकडे लावून. दांडा सरळ जात होता. हात सफाईदार होता. सगळं बरोबर होतं आणि तरी वाजत होतं. मी डोळे मिटून ऐकलं, वाकून ऐकलं.

वर पोचल्यावर त्या झोपडीत गेल्या आणि दहा मिनिटांत बाहेर आल्या. "मूल आडवं आहे. इथे होणार नाही. कराडला न्यायला हवं." ज्ञानूची बायको, ताराबाई, वीस-एकवीस वर्षांची असेल. तिला आम्ही चादरीत उचलून मागच्या सीटवर आडवं केलं. तिचं डोकं ज्ञानूच्या मांडीवर.

"बाई, मी चालवू का? तुम्ही मागे बसा तिच्याजवळ," मी म्हणालो.

"मागे जागा कुठाय? आणि हा रस्ता मला पाठ आहे. बस."

उतार सुरू झाला. पहिली दोन वळणं ठीक गेली. तिसऱ्या वळणाआधी रस्ता एकदम खाली पडतो. तिथे बाईंनी तिसऱ्यातून दुसरा टाकायला दांडा हलवला. करकर झाली. पुन्हा दाबला. करकर. दांडा मधेच राहिला. गाडी न्यूट्रल झाली आणि मोकळी सुटली.

"पडत नाहीये," बाई म्हणाल्या. आवाज अगदी शांत होता, म्हणून मला जास्त भीती वाटली.

"ब्रेक दाबा!"

"दाबलाय."

ब्रेक तापून ढिले झाले होते. जळका वास आत येत होता. मागे ताराबाई ओरडत होती, ज्ञानू देवाचं नाव घेत होता. उजव्या हाताला दरी होती आणि समोर वळण. बाई अजून दांड्याशी झटत होत्या. मी हँडब्रेक ओढला, दुसऱ्या हातानं स्टिअरिंग धरलं आणि डावीकडे, डोंगराकडे, जोरात फिरवलं. गाडी चरात उतरली. डाव्या बाजूचा सगळा पत्रा खडकाला घासत गेला, आणि करवंदीच्या जाळीत नाक खुपसून गाडी थांबली.

ताराबाईचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"तारा, लागलं का कुठे?" बाईंनी मागे वळून विचारलं. तिनं मान हलवली.

माझ्या बाजूचं दार उघडेना. बाई उतरल्या, मी त्यांच्या सीटवरून सरकत बाहेर यायला लागलो आणि माझी नजर खाली गेली. क्लचच्या पेडलाखाली एक चप्पल अडकली होती. बाईंची, डाव्या पायातली, तपकिरी पट्ट्याची. पेडल निम्मंच खाली जात होतं. क्लच पूर्ण दाबलाच जात नव्हता, मग गिअर पडणार कसा? मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! तीन महिने मी गिअरबॉक्स खोलत होतो आणि भानगड ही! मी ती चप्पल ओढून काढली आणि हसतच म्हणालो,

"बाई, ही घ्या. चप्पल अडकली होती. पायातून निघाली ती कळलं नाही होय?"

बाईंनी खाली पाहिलं.

त्या मुरमाच्या रस्त्यावर उभ्या होत्या. उजव्या पायात चप्पल, डावा पाय अनवाणी. तो एका टोकदार खड्यावर पडला होता आणि अंगठ्याच्या बाजूनं रक्त येत होतं. त्या त्याकडे बघत राहिल्या. तो पाय दुसऱ्या कुणाचा असावा आणि तिथे का आला असावा हे त्यांना कळत नसावं, तसं. मग त्यांनी चप्पल माझ्या हातातून घेतली, वाकून हातानं पायात घातली आणि म्हणाल्या, "आता तू चालव."

माझं हसू तोंडावरच राहिलं. मला अजून नीट कळलं नव्हतं. चप्पल आजची होती, मग आधीच्या सगळ्या खेपांचं काय? आणि पायातून चप्पल जाते, खडा रुततो, रक्त येतं, आणि माणसाला कळत नाही म्हणजे काय?

ज्ञानूनं आणि मी गाडी चरातून ढकलून बाहेर काढली. मी चालवली, बाई ज्ञानूच्या जागी मागे गेल्या, ज्ञानू पुढे. ब्रेक थंड होऊ दिले होते, आणि मी पहिल्या गिअरवरच डोंगर उतरलो. कराडपर्यंत दुसरा गिअर मी कितीतरी वेळा टाकला. एकदाही वाजला नाही. मागे बाई ताराबाईशी बोलत होत्या, "श्वास घे. आता सोड. शहाणी माझी." आरशात मला त्यांचा चेहरा दिसत होता. तो नेहमीचाच होता.

कराडच्या दवाखान्यात ताराबाईला लगेच आत घेतलं. बाईही आत गेल्या. तासाभरानं बाहेर आल्या. मुलगी झाली होती, दोघी ठीक होत्या. ज्ञानू रडत रडत त्यांच्या पाया पडायला लागला, तर त्यांनी त्याला बायकोकडे पिटाळलं. मग व्हरांड्यातल्या बाकावर माझ्या शेजारी बसल्या. दुपारचे दोन वाजले असतील. समोर नळावर बायका डबे धूत होत्या.

"अंकुश, एक काम कर," त्या म्हणाल्या. डाव्या पायातली चप्पल काढून त्यांनी पाय बाकावर घेतला. "माझा अंगठा धर."

"बाई?"

"पायाचा अंगठा. दोन्ही बाजूंनी धर. वरून-खालून नको, बाजूंनी. मी डोळे मिटते. तू तो वर कर नाहीतर खाली कर, तुझ्या मनाला येईल तसा. मी सांगेन वर की खाली. बरोबर असेल तर बरोबर म्हण, चूक असेल तर चूक."

नळावरच्या बायका आमच्याकडे बघत होत्या. माझे हात तेलानं काळे होते. ज्या बाईंसमोर मी कधी खुर्चीवर बसलो नव्हतो त्यांचा पाय मी हातात घेतला. अंगठ्याशी रक्त वाळलं होतं. पावलाच्या कडेला एक मोठा फोड होता, गाडीच्या तळाचा तापलेला पत्रा लागून आलेला असावा. जुना होता, फुटून सुकत आलेला.

बाईंनी डोळे मिटले.

मी अंगठा खाली केला.

"वर," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पापण्या घट्ट मिटल्या होत्या. गॅरेजात त्या खोक्यावर बसून भागांकडे बघत होत्या, तेव्हा कशाचा निकाल शोधत होत्या ते मला त्या क्षणी कळलं. 'बरोबर' म्हणणं किती सोपं होतं! एक शब्द. त्या पुन्हा तशाच हसल्या असत्या.

"चूक," मी म्हणालो. "खाली केला होता."

"पुन्हा."

मी वर केला.

"वर."

"बरोबर."

"पुन्हा."

वर.

"खाली केलास."

"चूक, बाई."

"पुन्हा."

दहा वेळा केलं. चार बरोबर आले, चार चूक. शेवटच्या दोन वेळी त्यांनी उत्तरच दिलं नाही. मी अंगठा हलवत होतो आणि त्या डोळे मिटून वाट बघत होत्या, मी कधी सुरुवात करतो याची.

"हलवलास?" त्यांनी विचारलं.

"हलवतोय, बाई."

त्यांनी डोळे उघडले. माझ्या हातात हलणाऱ्या अंगठ्याकडे पाहिलं. "पुरे," त्या म्हणाल्या.

मी पाय खाली ठेवला. हात कुठे ठेवावेत ते मला सुचेना.

"दसऱ्यापासून आहे," बाई समोर बघत म्हणाल्या. "आधी नुसत्या मुंग्या यायच्या. मग न्हाणीत पाणी गरम की गार ते एका पायाला कळेना. पेडल किती दाबलं जातंय ते कळेना. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर त्याच दिवशी पुण्याला पाठवलं असतं मी. वर ओरडले असते, इतके दिवस काय करत होतात म्हणून." त्यांनी वाकून चप्पल पायात सरकवली. "गाडीतच दोष निघावा असं वाटत होतं रे. दर वेळी तुझ्याकडे यायचे ते त्यासाठी."

"बाई," मी म्हणालो. "ती रिंग झिजली नव्हती. मला काहीच सापडलं नव्हतं. मी खोटं बोललो."

नळावरच्या बायका डबे घेऊन निघून गेल्या.

"का?" त्यांनी विचारलं. रागानं नाही. पेशंटला विचारावं तसं, माहिती म्हणून.

"मला येत नाही असं तुम्हाला वाटू नये म्हणून."

"हं," त्या म्हणाल्या आणि उठल्या. भिंतीला हात धरून उठल्या. "चल, ताराला बघून येऊ. मग मला पुण्याच्या गाडीत बसवून दे."

पुण्याला त्यांच्या पाठीच्या मणक्यात गाठ निघाली. शेंगदाण्याएवढी. साधी होती, पण नसेवर दाब देत होती. ऑपरेशन झालं. बाई आठ महिने आल्या नाहीत. पाटणच्या दवाखान्यावर कुलूप होतं, आणि वरच्या वाड्यांवरून लोक गॅरेजात येऊन विचारायचे, बाई कधी येणार. मी सुगंधाला सगळं सांगितलं होतं. निळ्या गाडीचा घासलेला पत्रा तिनं माझ्याबरोबर बसून घासला, रंगवला. "बाई आल्यावर गाडी तयार पायजे," एवढंच म्हणाली.

बाई दिवाळीनंतर आल्या. हातात काठी होती. डावा पाय उचलताना जरा बाहेरून फेकून टाकायच्या. गाडी मी दवाखान्याशी नेऊन उभी केली. त्या तिच्याभोवती एक फेरी मारून आल्या.

मी आठ महिने एकच प्रश्न घेऊन बसलो होतो. विचारायचा नाही असं ठरवलं होतं. विचारून काय होणार होतं? पण त्या समोर उभ्या होत्या, काठीवर भार देऊन, आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"बाई, मी जानेवारीतच खरं सांगितलं असतं तर फरक पडला असता का?"

मला वाटलं, त्या 'नाही' म्हणतील. कुणीही म्हणालं असतं. मी त्या 'नाही'साठीच विचारलं होतं, हे विचारून झाल्यावर मला कळलं.

"पडला असता," बाई म्हणाल्या. "तेव्हा गेले असते तर बहुतेक काठी लागली नसती. सर्जननं स्पष्ट सांगितलं मला." त्या माझ्याकडे सरळ बघत होत्या. "उशीर झाला त्यातले दोन महिने तुझे. त्याआधीचे तीन माझे. मी डॉक्टर आहे, माझे जास्त."

मी मान खाली घातली. माझे डोळे भरून आले होते, आणि ते दुःखानं की कशानं, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं आणि आता चाळीस वर्षांनीही सांगता येत नाही.

बाईंनी काठी मागच्या सीटवर टाकली. मग गाडीला धरून पुढून वळसा घातला आणि डाव्या बाजूचं दार उघडून आत बसल्या.

"उभा काय राहिलास?" त्या आतून म्हणाल्या. "वर केळेवाडीला दोन बाळंतिणी आहेत. बस गाडीत."